त्यांची करसवलत काढायची, तर आपली?

वाचकाचं पत्र :

मी एका पर्यावरण संस्थेची अकरा वर्षं विश्वस्त आहे. नदीकाठची पाणथळ जमीन राखणं हे आमचं मुख्य काम. मागच्या महिन्यात एका वृत्तवाहिनीनं हवामानबदलावरच्या चर्चेला मला बोलावलं. समोर दुसऱ्या एका धर्मादाय संस्थेचे गृहस्थ होते. तापमानवाढ हा निव्वळ बागुलबुवा आहे, असं ते हसत हसत सांगत राहिले. अँकरनं घड्याळ लावल्यासारखा दोघांना निम्मा-निम्मा वेळ दिला आणि शेवटी ‘आता प्रेक्षकांनीच ठरवावं’ म्हणून मोकळा झाला. घरी येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटेना.

नंतर कळलं, त्या संस्थेलाही आमच्यासारखीच करसवलत आहे. खोटं पसरवायला करसवलत? नियामकाकडे तक्रार करायची असं आम्ही ठरवलं आहे. मसुदा सोबत जोडला आहे. पण माझा धाकटा भाऊ म्हणतो, ‘ताई, तुम्हीही राजकारणच करता की!’ त्याचा रोख आमच्या सचिवांच्या पत्रकावर आहे. निवडणुकीआधी त्यांनी संस्थेच्या लेटरहेडवर पत्रक काढलं होतं : पाणथळीवरून रस्ता नेऊ पाहणाऱ्या उमेदवाराला घरी बसवा. मला तेव्हा ते योग्यच वाटलं होतं.

तक्रार करू का? आणि वाहिनीनं पुन्हा बोलावलं तर जाऊ का?

– एक विश्वस्त

उत्तर :

ताई,

तक्रार जरूर करा. मसुदा मात्र फाडून नवा लिहा. आणि भावाला सांगा की त्याचं निम्मं बरोबर होतं. कुठलं निम्मं, ते पुढे येतंच.

मसुदा जोडलात हे बरं केलंत. त्यात ‘खोटारडे’ हा शब्द चारदा आहे, ‘विकले गेलेले’ दोनदा आहे, आणि त्या संस्थेनं नेमकं काय छापलं, कधी छापलं, हे एकदाही नाही. मागणी एकच : नोंदणी रद्द करा. हा कागद वाचून नियामकाला एवढंच कळेल की एका संस्थेला दुसरीचं मत आवडलेलं नाही. त्यासाठी कुठल्याही देशात खातं नसतं.

आधी भावाच्या वाक्याकडे येऊ. मराठीत ‘राजकारण’ या शब्दाला आपण फार राबवतो. कचेरीतली कुरघोडी म्हणजे राजकारण, निवडणूक म्हणजे राजकारण, आणि एखादा कायदा बदला अशी मागणी केली तरी लगेच ‘यात राजकारण आणू नका’. निवडणुकीतली बाजू आणि कायद्याबद्दलची मागणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य करायला धर्मादाय संस्थांच्या कायद्यालाही फार वेळ लागला, तेव्हा भावाला दोष देण्यात अर्थ नाही.

या कायद्याचं मूळ इंग्लंडमधल्या १६०१ सालच्या एका कायद्यापर्यंत जातं. त्याच्या प्रास्ताविकात दानधर्माची कामं मोजून दिली आहेत. वृद्ध आणि दुर्बळांना आधार, शाळा, आणि पूल, बंदरं, रस्ते यांच्या दुरुस्तीच्या जोडीला समुद्राचे बांधसुद्धा. म्हणजे बांध दुरुस्त करणं हे चारशे वर्षांपूर्वीही धर्मकार्यच होतं. पण बांध फोडणाऱ्याला आवरणारा कायदा करा, असं म्हणणं? तिथं न्यायालयं अडली. १९१७ सालच्या एका खटल्यात लॉर्ड पार्कर यांनी सांगून टाकलं की कायद्यातला अमुक बदल लोकांच्या हिताचा ठरेल की नाही, हे तोलायला न्यायालयाकडे साधनच नाही. त्याच वाटेनं जात १९८१ मध्ये कैद्यांच्या मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या न्यासाला धर्मादाय दर्जा नाकारला गेला. कैद्याला पांघरूण दिलं तर दान, त्याला सोडा म्हटलं तर राजकारण.

मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. पक्ष्यांसाठी काम करणारी ब्रिटनमधली आरएसपीबी ही संस्था घ्या. १८८९ मध्ये ती सुरू झाली ती घरटी टांगायला नव्हे. बायकांच्या टोप्यांवर खोवायच्या पिसांसाठी पक्षी मारले जात होते, त्या व्यापाराशी भांडायला काही बायकाच पुढे आल्या. पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा कायदा झाला १९२१ मध्ये. बत्तीस वर्षं गेली. तेवढी वर्षं त्यांनी नुसते पक्ष्यांना दाणे घातले असते, तर दाणे खायला पक्षी किती उरले असते?

आता बहुतेक ठिकाणी कायदा शहाणा झाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्यानं पर्यावरणाचं रक्षण हा धर्मादाय उद्देश म्हणून नाव घेऊन नोंदवला, आणि आपल्या उद्देशासाठी कायदा बदला म्हणायला तिथल्या संस्थांना मोकळीक आहे. कुठल्या पक्षाची पाठराखण मात्र चालत नाही. ऑस्ट्रेलियात ‘एड-वॉच’ नावाची संस्था होती. सरकार परदेशांना देत असलेल्या मदतीवर टीका करणं हेच तिचं काम. तिची करसवलत काढली गेली, प्रकरण तिथल्या सर्वोच्च पायरीवर, हायकोर्टात, गेलं, आणि २०१० मध्ये निकाल लागला की गरिबी निवारणासारख्या विषयावर कायदेशीर मार्गानं जाहीर चर्चा घडवणं हेच मुळात समाजाच्या हिताचं काम आहे. मला हा निकाल सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात चर्चेच्या निकालाला नव्हे, चर्चेलाच किंमत दिली आहे.

तुम्ही कुठल्या देशातून लिहिता हे पत्रात नाही. मराठी वाचक हल्ली जगभर पांगले आहेत, त्यामुळे मी गृहीत धरत नाही. भारतातून लिहीत असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आयकर कायद्यातल्या ‘धर्मादाय उद्देश’ या व्याख्येत पर्यावरणाचं जतन २००९ मध्ये स्वतंत्रपणे घातलं गेलं; पाणलोट, जंगलं आणि वन्यजीव यांचा उल्लेखच तिथं आला. दुसरी गोष्ट परदेशी देणगी घेणाऱ्यांसाठी. त्या नियमांत बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द जसेच्या तसे आहेत. सार्वजनिक प्रश्नासाठी अशा मार्गांची सवय असलेल्या संस्थेला राजकीय स्वरूपाची ठरवायची सोय सरकारकडे होती. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ती आवळली : सक्रिय राजकारणाशी किंवा पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या, लोकांच्या प्रश्नासाठी झटणाऱ्या संस्थेला केवळ या मार्गांमुळे परदेशी देणगी नाकारता येणार नाही.

म्हणजे पाणथळीवरून रस्ता नेऊ नका असं ठणकावून सांगणं, सुनावणीत हरकत घेणं, आखणी बदलण्यासाठी मोर्चा काढणं, हे सगळं तुमच्या उद्देशातूनच निघतं. भाऊ चुकला तो इथं. ‘अमक्याला घरी बसवा’ हे मात्र त्यातून निघत नाही. तिथं भाऊ शंभर टक्के बरोबर.

तुम्ही म्हणाल, रस्ता आणणारा तोच, मग त्याचं नाव घेण्यात फरक तो काय? फरक असा की तुमच्या संस्थेला सवलत मिळते तेव्हा सरकारी तिजोरीत न आलेला तो पैसा सगळे करदाते मिळून भरून काढतात. त्यात त्या उमेदवाराला मत देणाराही आला. त्यानं पाणथळीसाठी हातभार लावावा ही अपेक्षा रास्त आहे. स्वतःच्या उमेदवाराच्या पराभवासाठी लावावा ही नाही. अमेरिकेत तर १९५४ पासून नियम स्पष्ट आहे, करमुक्त धर्मादाय संस्थेनं कुठल्याही उमेदवाराच्या बाजूनं वा विरोधात प्रचारात उतरायचं नाही. व्यवहाराचंही बघा. तो गृहस्थ निवडून आला, तर आखणी बदलून घ्यायला दार त्याचंच ठोठवायचं आहे ना?

सचिवांना हेच करता आलं असतं, आणि जास्त परिणामकारक झालं असतं : सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न लेखी विचारायचा, पाणथळीवरून रस्ता जाणार की नाही, आणि सगळ्यांची उत्तरं (न आलेली सुद्धा) एका पानावर छापायची. न आलेल्या उत्तराची मोकळी जागा फार बोलते.

शब्दांबद्दलही सांगतो, कारण ‘खोटारडे’ हा तुमच्या मसुद्यातला लाडका शब्द दिसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच आरएसपीबीनं नद्यांच्या प्रदूषणाच्या नियमांवरून तीन ब्रिटिश मंत्र्यांचे फोटो टाकून त्यांना जाहीरपणे खोटारडे म्हटलं. मुद्दा भक्कम होता, नियम सैल करणार नाही असं सरकारनं आधी सांगितलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी संस्थेला माफी मागावी लागली, नियामकानं चौकशी उघडली, आणि त्या आठवड्यात नद्यांऐवजी त्या एका शब्दाचीच चर्चा झाली. सव्वाशेहून अधिक वर्षं मुरलेल्या संस्थेचं हे झालं.

आता तुमची खरी तक्रार. ती संस्था चुकीचं सांगते, मग तिला सवलत का?

न्यूझीलंडमधली दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. तिथं ग्रीनपीसला धर्मादाय नोंदणी नाकारली गेली होती, कारण काय तर राजकीय. संस्था लढत राहिली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ‘राजकीय आहे म्हणून धर्मादाय नाही’ असा सरसकट नियमच नको. उद्देश काय, मार्ग कोणता, पद्धत कशी, हे बघा. शेवटी २०२० मध्ये ग्रीनपीसच्या बाजूनं निकाल लागला. पर्यावरणवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच देशात ‘फॅमिली फर्स्ट’ नावाची संस्था पारंपरिक कुटुंबव्यवस्थेचा पुरस्कार करते. तीही म्हणाली, मग आम्हीही धर्मादायच. २०२२ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं तिला नाही म्हटलं. शिक्षणाचं काम म्हणावं, तर तिच्या साहित्यात आवश्यक तो समतोल नाही.

वरवर पाहिलं तर वाटेल, पुरोगाम्यांना एक न्याय आणि परंपरावाद्यांना दुसरा. तसं बोललंही जातं. मी तसं म्हणणार नाही, पण ही शंका ज्याच्या मनात येते त्याला मी मूर्खही ठरवणार नाही. एखाद्या उद्देशाचं सार्वजनिक हित ‘उघडच आहे’ असं न्यायालय म्हणतं, तेव्हा त्या ‘उघडच’मध्ये काळाचा रंग मिसळलेला असतो. १९१७ मध्ये उघड असलेल्या गोष्टी आज उघड नाहीत. म्हणून तुमच्या तक्रारीचा पाया ‘आमचा उद्देश चांगला, त्यांचा वाईट’ हा असून चालणार नाही. पाया हवा तो पद्धतीचा : शिक्षणाच्या नावाखाली सवलत घेणाऱ्यानं शिकवायला हवं, आणि शिकवणं म्हणजे गैरसोयीची आकडेवारी लपवणं नव्हे.

असा एक नमुना तयारच आहे. ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी २००९ मध्ये ‘ग्लोबल वॉर्मिंग पॉलिसी फाउंडेशन’ ही संस्था काढली. नोंदणी शैक्षणिक धर्मादाय म्हणून, आणि काम हवामान धोरणांवर, विज्ञानावरही, शंका घेण्याचं. तिच्याविरुद्ध तक्रार झाली. २०१४ मध्ये तिथल्या धर्मादाय आयोगानं निष्कर्ष काढला तो ‘हे लोक चुकीचे आहेत’ असा नव्हता. आयोगानं म्हटलं, तुमच्या संकेतस्थळावर वस्तुस्थिती आणि मतप्रदर्शन यांची सरमिसळ आहे, एकाच भूमिकेचा पुरस्कार आहे, याला शिक्षण म्हणता येत नाही. नोंदणी काही गेली नाही. पण प्रचाराचं काम धर्मादाय नसलेल्या वेगळ्या संस्थेकडे काढावं लागलं. म्हणजे बोला, हवं ते बोला. फक्त सवलतीच्या पैशातून शिक्षण म्हणून नको.

तुमच्या नव्या मसुद्याला एवढंच पुरेसं आहे. त्या संस्थेच्या घटनेतलं उद्देश कलम मिळवा, ते बहुतेक ठिकाणी सार्वजनिक नोंदीत असतं. तिथं ‘शिक्षण’ किंवा ‘संशोधन’ लिहिलं असेल तर तुमचं निम्मं काम झालं. मग तिनं छापलेली सात-आठ विधानं तारखेसह घ्या, मतं नव्हे, तपासता येतील अशी विधानं, आणि प्रत्येकापुढे मोजमाप काय सांगतं ते ठेवा. मागणी तीन पायऱ्यांची करा : चूक दुरुस्त करावी, मत आणि माहिती वेगळी करावी, आणि ते जमत नसेल तर प्रचाराचा संसार वेगळा थाटावा. ‘नोंदणी रद्द करा’ हे वाक्य काढून टाका.

का काढायचं, तर ते हत्यार दोन्हीकडून कापतं म्हणून. १९६६ मध्ये अमेरिकेत सिएरा क्लब या पर्यावरण संस्थेनं ग्रँड कॅन्यनमध्ये धरणं बांधायच्या बेताविरुद्ध मोठ्या वर्तमानपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. दुसऱ्याच दिवशी करखात्याचं पत्र हातात पडलं : तुम्हाला मिळणाऱ्या देणग्या यापुढे करमुक्त राहतीलच असं नाही. पुढे ती सवलत गेलीच. क्लबनं मोहीम थांबवली नाही. त्याच मोहिमेतल्या नंतरच्या एका जाहिरातीत प्रश्न होता की छतावरची चित्रं जवळून दिसावीत म्हणून उद्या व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपलमध्येही पाणी भरायचं का? करखात्याच्या त्या पत्रामुळे ज्यांना धरणांशी काही देणंघेणं नव्हतं तेही चिडले, सभासद भराभर वाढले, आणि १९६८ च्या कायद्यात ती धरणं वगळली गेली. हा झाला सुखान्त. पण त्यासाठी करसवलतीवाचून तग धरेल अशी संस्था लागते. तुमची धरेल? हिशोब तुमच्याकडे आहे.

कॅनडात तर सरकारनंच हे हत्यार उचललं. जानेवारी २०१२ मध्ये तिथल्या नैसर्गिक संसाधन मंत्र्यांनी खुलं पत्र लिहून पर्यावरणवादी आणि इतर ‘कट्टर’ गटांवर तोफ डागली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात धर्मादाय संस्थांच्या राजकीय कामांच्या तपासणीसाठी ८० लाख डॉलरची तरतूद झाली, आणि सुरुवातीच्या तपासण्यांत पर्यावरण संस्थाच पुढे होत्या. संस्थेची साधनसामग्री साधारण दहा टक्क्यांच्या वर राजकीय कामाला लावायची नाही, हा नियम जुनाच होता. आता फुटपट्टी घेऊन माणसं दारात उभी राहिली. वर्षानुवर्षं फायली उघड्या पडून असल्या की संस्था आपोआप हळू बोलू लागते. तिला गप्प करायला नोंदणी रद्द करावीच लागत नाही. २०१८ मध्ये एका न्यायालयानं हा निर्बंध अभिव्यक्तीच्या आड येतो म्हणून मोडीत काढला, आणि वर्षअखेरीस कायदाच बदलला : पक्षीय काम वर्ज्य, पण उद्देशाला धरून धोरणावर हवं तेवढं बोला.

तुमचा फाडायला सांगितलेला मसुदा एखाद्या मंत्र्याच्या हाती पडला, आणि त्यानं फक्त संस्थेचं नाव बदललं, तर तो तुमच्याविरुद्ध चालेल का? मी बदलून पाहिलं. छान चालतो.

आता वाहिनीकडे वळू. इथं मला थोडं पापक्षालन करायचं आहे. मी काही वर्षं वृत्तवाहिनीच्या डेस्कवर होतो. नऊच्या चर्चेसाठी सात वाजता फोन सुरू व्हायचे. वहीत दोन रकाने असायचे, ‘बाजूनं’ आणि ‘विरुद्ध’. दोन्ही भरले की सुटलो. ‘विरुद्ध’च्या रकान्यातल्या माणसाला विषय कळतो का, हा प्रश्न मी फारसा कुणाला विचारल्याचं आठवत नाही, तो येतो का, आणि जोरात बोलतो का, एवढं पुरे असायचं. निम्मा-निम्मा वेळ यामागे तत्त्व होतं असं आम्ही सांगायचो. खरं म्हणजे ते स्वस्त होतं, झटपट होतं, आणि उद्या कुणी जाब विचारला तर ढाल म्हणून पुढे करता यायचं.

त्याचा परिणाम मोजला गेलाय. १९८८ ते २००२ या काळातल्या चार मोठ्या अमेरिकी वर्तमानपत्रांच्या बातम्या दोन संशोधकांनी तपासल्या. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक बातम्यांनी ‘माणसामुळे तापमान वाढतंय’ आणि ‘हे नैसर्गिकच आहे’ या दोन म्हणण्यांना साधारण सारखं वजन दिलं होतं. शास्त्रज्ञांमध्ये ते वजन सारखं नव्हतंच. कुणी खोटी बातमी दिली नव्हती. सगळे आपापल्या परीनं प्रामाणिकपणे समतोल राखत होते, आणि त्या सगळ्या समतोलांची बेरीज चुकीची येत होती.

तुमच्यावर बेतला तसा प्रसंग बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमात २०१४ मध्ये घडला. हवामानशास्त्रज्ञ ब्रायन हॉस्किन्स एकीकडे आणि दुसरीकडे कोण, तर हेच नायजेल लॉसन. तक्रार झाली, आणि लॉसन यांच्या म्हणण्याला संशोधनाचा आधार नाही हे श्रोत्यांना पुरेसं सांगितलं गेलं नाही, असं बीबीसीच्या तक्रार विभागानं मान्य केलं. २०१७ मध्ये पुन्हा तेच. त्याच कार्यक्रमात लॉसन म्हणाले, गेल्या दहा वर्षांत जगाचं सरासरी तापमान झालंच असेल तर किंचित कमी झालंय. मुलाखतकारानं हटकलं नाही. एप्रिल २०१८ मध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकानं तो अचूकतेच्या नियमाचा भंग ठरवला. त्याच वर्षी बीबीसीच्या वृत्तप्रमुखांनी आपल्या लोकांना लिहिलं की निःपक्षपाती राहण्यासाठी हवामानबदल साफ नाकारणारा माणूस आणायची गरज नाही. मँचेस्टर युनायटेडनं मागच्या शनिवारी सामना २-० जिंकला हे नाकारणारा माणूस आपण आणत नाही ना, पंचानं निकाल दिलाय.

हे वाचून खूश होऊ नका. पुढचं तुम्हाला आवडणार नाही.

पंचानं निकाल दिलाय तो एका प्रश्नाचा. माणसाच्या कृतींनी वातावरण, समुद्र आणि जमीन तापली यात संशय नाही, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाच्या २०२१ च्या अहवालात लिहिलंय. बस. रस्ता कुठून न्यावा, शेतकऱ्याला भरपाई किती, अणुवीज हवी की नको, कोळसा खाण बंद केली तर तिथला कामगार जाणार कुठं, कर कुणावर लावायचा, या प्रश्नांचा निकाल कुठल्याच पंचानं दिलेला नाही. तिथं दोन नव्हे, पाच बाजू असतात, आणि पाचांनाही वेळ मिळायला हवा. आपण पर्यावरणवाले इथं हातचलाखी करतो. पहिल्या प्रश्नाची खात्री गुपचूप दुसऱ्या प्रश्नांच्या खिशात सरकवतो, आणि रस्ता मागणाऱ्या गावकऱ्यालाही ‘विज्ञान नाकारणारा’ म्हणून मोकळे होतो. त्याला बाळंतीण दवाखान्यात न्यायची असते.

माध्यमांनी आपलं प्रचारपत्रक व्हावं, हीही अपेक्षा सोडा. २००७ मध्ये बीबीसीच्या मनात हवामानबदलावर दिवसभराचा एक मोठा कार्यक्रम करायचं होतं, कलाकार वगैरे घेऊन. आतल्याच संपादकांनी विरोध केला, पृथ्वी वाचवणं हे आपलं काम नव्हे म्हणाले, आणि बेत रद्द झाला. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, ते बरोबर होते. मोहीम चालवणारी वाहिनी तुमच्या बाजूची असेपर्यंत गोड लागते.

तेव्हा पुन्हा बोलावणं आलं तर आधी विचारा : चर्चेचा प्रश्न काय आहे, शब्दशः? समोर कोण आहे? त्यांची ओळख काय करून देणार? प्रश्न ‘तापमान वाढतंय का’ असा असेल तर नम्रपणे नाही म्हणा, आणि अभ्यासकाला एकट्याला बोलवा असं सुचवा. प्रश्न ‘पाणथळीवरून रस्ता न्यावा का’ असा असेल तर धावत जा, आणि समोर ठेकेदार, गावकरी, ट्रकवाले जे असतील त्यांना पुरा वेळ मिळू द्या. तुमचं तिथं खरं काम आहे.

आणि चर्चेत तेच गृहस्थ पुन्हा भेटले, तर त्यांच्या प्रत्येक वाक्यामागे धावू नका. एक विधान धरा, ‘हा आकडा कुठल्या मोजमापातून आला?’ एवढंच विचारा, आणि गप्प बसा. टीव्हीवर गप्प बसणं फार अवघड आहे, पण प्रेक्षकाला त्या तीन सेकंदांत जे दिसतं ते तुमच्या तीन मिनिटांच्या भाषणात दिसत नाही. ‘तुम्हाला पैसा कोण देतं?’ हा प्रश्नही विचारण्याजोगा आहे. मात्र तो विचारण्याआधी आपल्या देणगीदारांची यादी आपणहून जाहीर करून टाका. नाहीतर पुढचा चेंडू तुमच्याकडे येईल.

सचिवांच्या पत्रकाचं राहिलं. नियामकाकडे तक्रार पाठवलीत की समोरची संस्था पहिल्यांदा तुमचीच कपाटं धुंडाळणार, आणि ते पत्रक तिला अर्ध्या तासात मिळेल. विश्वस्तांची बैठक लावा, हे संस्थेच्या नावानं निघायला नको होतं असा ठराव इतिवृत्तात नोंदवा, आणि तुमच्याकडे नियामकाला कळवायची पद्धत असेल तर त्यांनी विचारायच्या आत आपणच कळवा. सचिव रागावतील. त्यांना नागरिक म्हणून स्वतःच्या सहीनं, स्वतःच्या खर्चानं हवं ते पत्रक काढता येतं, हेही त्याच ठरावात लिहा. ही बैठक आधी, तक्रार मागून. उरलेल्या प्रती अजून कार्यालयात असतील, तर उलट्या बाजूला नव्या मसुद्याचं कच्चं काम करा. कागद चांगला दिसतोय.